उजेड स्वस्त, ऊब महाग : मावळातल्या घराचा विजेचा हिशेब

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

बाहेर पाऊस धरून बसलाय, छत्र्या निथळताहेत, आणि तरीही तुम्ही सगळे आलात, याबद्दल आधी आभार. मघाशी जिना चढताना एका गृहस्थांनी मला अडवलं. म्हणाले, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत. विजेच्या बिलावर तुम्ही काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून मी माझी एक चूक सांगतो. आजचं सगळं व्याख्यान त्या चुकीतूनच निघालं आहे.

धूर की धुकं?

न्यायशास्त्रातलं एक उदाहरण तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. अनुमानाचं हे शेकडो वर्षं चालत आलेलं उदाहरण. मी ते वर्गात कितीदा फळ्यावर लिहिलं असेल, गणती नाही. पण लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते : जुलैत आपल्या डोंगरावर जो धूर दिसतो तो धूर नसतोच, धुकं असतं. जुन्या तर्कशास्त्रज्ञांनाही हे माहीत होतं. वाफ किंवा धूळ पाहून तिला धूर समजलात तर पुढचं सगळं अनुमान कोसळतं, असं ते बजावून सांगतात. याला हेत्वाभास म्हणतात. दिसतो कारणासारखा, पण कारण नव्हे.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर सूर्यबंब बसवला. दोनशे लिटरची टाकी. घरात आम्ही दोघंच, आणि मागच्या खोलीत एक भाडेकरू मुलगा. कंपनीत नोकरी करणारा, सरळ, शांत. विजेचं मीटर एकच, वीज भाड्यातच धरलेली. उन्हाळा मजेत गेला. बिल खाली आलं, मी चार लोकांना अभिमानानं दाखवलंही. पावसाळा आला आणि ऑगस्टचं बिल सूर्यबंब नव्हता तेव्हापेक्षाही जास्त आलं.

मी अनुमान केलं. आमची राहणी बदललेली नाही, यंत्र तर बचतीचं आहे. मग उरला कोण? तो मुलगा. त्याची इस्त्री, त्याची अंघोळीच्या पाण्याची कॉइल. मी त्याला बोललो. फार कडक नाही, पण बोललो. तो "बरं सर" म्हणाला आणि गेला. नंतर कळलं की त्यानंतर दहा दिवस तो त्या पावसात गार पाण्यानं अंघोळ करत होता.

एका रात्री दोन वाजता आमच्या घरातून मला उठवलं. "अहो, सगळे झोपलेत, तरी मीटरवरचा हा लाल दिवा एवढा का धावतोय?" मी बघितलं. दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा लुकलुकत होता. घरात फक्त फ्रिज चालू होता, त्याला एवढी वीज लागत नाही. एकेक बटण बंद करत गेलो. गच्चीवरच्या टाकीचं बटण बंद केलं आणि दिवा शांत झाला. झालं होतं असं : सूर्यबंबाच्या टाकीत ढगाळ दिवसांसाठी एक वीजेची कॉइल असते. तिचं बटण मी जूनमध्ये लावलं आणि विसरलो. ऊन नाही म्हटल्यावर ती कॉइल सगळी टाकी दिवसरात्र ऊन ठेवत होती. दोन माणसांच्या दोन बादल्यांसाठी दोनशे लिटर!

सकाळी मी त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या सर." पण मला ते जाऊ देता आलं नाही. धुक्याला मी धूर समजलो होतो, आणि शिक्षा दुसऱ्यानं भोगली होती. विजेचा हिशेब हा नुसता पैशाचा प्रश्न नाही, हे मला तेव्हा कळलं. घरात बिल वाढलं की दोष कुणाच्या तरी माथी मारला जातो. बहुधा ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याच : सून, कामाला येणाऱ्या बाई, भाडेकरू, अभ्यासाला दिवा लावणारं पोर. आणि खरा खाणारा कोपऱ्यात गुपचूप बसलेला असतो.

वळवणचं पाणी

आता एक युनिट म्हणजे नेमकं काय, ते समजून घेऊ. शास्त्राच्या भाषेत एक हजार वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. वाक्य पाठ होतं, पण हाताला काही लागत नाही. आपल्या गावात मात्र युनिट डोळ्यांनी बघता येतं.

टाटांची जलविद्युत कंपनी १९१० साली स्थापन झाली. वळवणच्या धरणाची पायाभरणी १९११ साली झाली. वळवण, लोणावळा आणि शिरोता या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ साली वीज सुरू झाली, आणि ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. कल्पना जमशेटजींची, पण ते १९०४ सालीच गेले होते. त्यांना हे बघायला मिळालं नाही.

हे पाणी घाटावरून सुमारे पाचशे मीटर खाली उतरतं. एक हजार लिटर पाणी, म्हणजे गच्चीवरची एक मोठी काळी टाकी, इतक्या उंचीवरून पडलं तर त्यात साधारण एक पूर्णांक एक तृतीयांश युनिटाएवढी शक्ती असते. नळ, चक्र, जनित्र, तारा यांतली गळती वजा केली की हातात येतं अंदाजे एक युनिट. लक्षात ठेवायला सोपं आहे : हजार लिटर पाणी घाट उतरलं की एक युनिट.

आता त्या एका युनिटात काय होतं? पंधरा लिटरची बादली घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात नळाचं पाणी बावीस अंशांच्या आसपास असतं. ते अंघोळीपुरतं, बेचाळीस अंशांवर न्यायचं. लागते एक तृतीयांश युनिटाहून किंचित जास्त वीज. म्हणजे एका युनिटात जेमतेम तीन बादल्या. उलट म्हणा : एक बादली ऊन पाण्यासाठी तेवीस बादल्या पाणी घाटावरून खाली जावं लागतं.

आणि त्याच, एका बादलीच्या विजेत नऊ वॉटचा एलईडी दिवा किती वेळ जळेल? जवळजवळ एकोणचाळीस तास. नव्या पद्धतीचा तीस वॉटचा पंखा साडेअकरा तास फिरेल. म्हणून आजच्या व्याख्यानाचं नाव : उजेड स्वस्त, ऊब महाग. आपल्या लहानपणी हे असं नव्हतं. साठ वॉटचा पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवायचा, म्हणून वडील दिवे बंद करत घरभर फिरायचे, आणि ते बरोबरच होतं. मग निळा एलईडी आला, ज्यासाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्यातून पांढरा एलईडी झाला. आपल्या सरकारनं २०१५ साली उजाला योजना आणली आणि हे दिवे घरोघर स्वस्तात गेले. उजेडाचा प्रश्न सुटला. आपली सवय मात्र वडिलांचीच राहिली : आपण अजून दिव्याच्या बटणावरून भांडतो आणि गिझर विसरतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्या घरात येणारी वीज खोपोलीची नाही. ती महावितरणची, आणि तिच्यातला मोठा भाग कोळशाचा. वळवणचं पाणी मी फक्त माप म्हणून घेतलं. पण मापालाही इतिहास असतो. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण झालं, शेतं पाण्याखाली गेली. युनिट हे कुठल्या तरी डोंगरातून, कुणाच्या तरी जमिनीतून, कुठल्या तरी खाणीतून येतं. ते वाया घालवताना एवढं आठवावं.

मोजायचं कसं

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे, लोणावळ्यात, कैवल्यधाम सुरू केलं. योगासारख्या विषयात त्यांनी प्रयोगशाळा आणली. शरीरावर काय परिणाम होतो ते मोजून बघूया, नुसतं म्हणायचं नाही, हा त्यांचा आग्रह. विजेला तेच लावा. आणि यंत्र विकत घ्यायची गरज नाही, ते तुमच्या भिंतीवर आहे.

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. तो किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, ते मीटरवरच छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, तुमचं तुम्ही वाचा. आता घड्याळ लावून एक मिनिट मोजा. समजा आठ वेळा लुकलुकला. आठ गुणिले साठ म्हणजे तासाला ४८०. त्याला ३२०० नं भागा, ०.१५ येतं. म्हणजे या क्षणी तुमचं घर दीडशे वॉट खातंय. मग एक उपकरण बंद करा आणि पुन्हा मोजा. जो फरक पडला, तो त्या उपकरणाचा. सातवीतल्या नातवाला हे काम द्या, त्याला आवडेल.

रात्री सगळं बंद करून मोजलंत तर गंमत दिसेल. काहीच चालू नाही, तरी दिवा लुकलुकतो. टीव्हीचा डबा, वायफाय, चार्जर. दहा वॉट धरा. चोवीस तास, तीस दिवस : सात युनिट. फार नाही. पण कशासाठीच नाही.

तोच पंखा, दोन गावं

आता यंत्रांकडे येऊ. कुठलंही बचतीचं यंत्र घेण्याआधी दोनच प्रश्न विचारायचे. ते किती वॉट वाचवतं? आणि ते रोज किती तास चालतं? दुकानदार पहिला आकडा सांगतो. दुसरा फक्त तुम्हाला माहीत असतो.

बीएलडीसी पंख्याचं उदाहरण घ्या. जुना पंखा पंचाहत्तर वॉट, हा तीस. वाचले पंचेचाळीस. गणिताच्या सोयीसाठी युनिटला दहा रुपये आणि पंख्याला तीन हजार रुपये धरू. तळेगावात एक घर आहे, बैठकीच्या खोलीत पंखा रोज चौदा तास, वर्षातले नऊ महिने. वर्षाला १७० युनिट वाचली, सतराशे रुपये. दोन वर्षांच्या आत पंखा फुकट झाला. तोच पंखा लोणावळ्यात आमच्या झोपायच्या खोलीत. रोज सहा तास, वर्षातले चार महिने. वाचली ३२ युनिट. तीन हजार वसूल व्हायला नऊ वर्षं. पंखा तोच, पैसे तेच, अंतर तीस किलोमीटर. तळेगावच्या भावानं घेतला म्हणून लोणावळ्याच्या भावानं घ्यायचा नाही. जुना बिघडलाच असेल, तर मात्र साध्या आणि या पंख्याच्या किमतीतला फरकच तेवढा हिशेबात धरा, कारण पंखा तर घ्यायचाच होता.

पण थांबा. लोणावळ्यात एक पंखा वेगळा असतो, कपडे वाळवणारा. पावसाळ्यात मधल्या खोलीत दोऱ्या बांधलेल्या, आणि वर पंखा दिवसाला वीस तास. शंभर दिवस. तिथे तोच पंखा एका पावसाळ्यात नव्वद युनिट वाचवतो. म्हणजे आमच्या घरी नवा पंखा झोपायच्या खोलीत लावायचा नव्हता, दोरीवरच्या कपड्यांवर लावायचा होता!

कपड्यांचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. कपडे वाळणं हा इथला कायमचा प्रश्न. अर्धओले कपडे इस्त्रीनं किंवा हीटरपुढे धरून वाळवायची सवय अनेकांना आहे. एक लिटर पाण्याची वाफ करायला दोन तृतीयांश युनिट लागतं. त्यातून सुटका नाही, तो निसर्गाचा नियम आहे. पण पाण्याची वाफच करावी, असं कुठे आहे? ते पिळूनही काढता येतं. धुलाई यंत्रात पाच मिनिटं जोरात फिरवलं की कपड्यांतलं कितीतरी पाणी नळीवाटे निघून जातं, आणि त्याला इस्त्रीच्या मानानं नगण्य वीज लागते. हातानं धुवा, हरकत नाही, पण शेवटची पिळणी यंत्राला द्या. इथेही सूत्र तेच : गती स्वस्त, ऊब महाग.

ऊन पाण्याचं काय करावं

आता मुख्य मुद्दा. सूर्यबंब वाईट का? मुळीच नाही. वडगाव, कामशेत, तळेगाव या बाजूला जसजसं पूर्वेला जाल तसा पाऊस कमी, ऊन जास्त, तिथे तो उत्तम. लोणावळा-खंडाळ्यातही ऑक्टोबर ते मे तो छान चालतो. फक्त जूनमध्ये त्याची कॉइल लावून विसरायची नाही. माझं आताचं व्रत सांगतो. पावसाळ्यात कॉइलचं बटण बंद, त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली. न्हाणीघरात एक लहान गिझर, अंघोळीआधी लावायचा, संपली की बंद. आमची दोघांची रोजची वीज चार-साडेचार युनिटांवरून एका युनिटावर आली. महिन्याला शंभर युनिटांचा फरक.

दुसरा मार्ग, छतावरच्या सौर पट्ट्या, ज्या वीज तयार करतात. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत, जी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे तीस हजार आणि तीन किलोवॉटला एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान ठरलं. लोणावळ्याच्या दृष्टीनं त्यात एक बारकावा आहे. एप्रिल-मेमधलं ऊन पाणी जुलैसाठी साठवून ठेवता येत नाही. पण एप्रिल-मेमध्ये जास्त झालेली वीज नेट मीटरमधून जाळ्यात जाते, तिची युनिटं खात्यावर जमा राहतात आणि त्याच आर्थिक वर्षात पावसाळ्यात वापरता येतात. उन्हाळ्यात लोणचं घालून पावसाळ्यात खाल्ल्यासारखं. नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना त्या वेळचे नियम विचारा. आणि क्रम चुकवू नका : आधी गळती थांबवा, मग उरलेल्या गरजेपुरत्या पट्ट्या घ्या. फुटक्या रांजणासाठी मोठी मोटर बसवण्यात अर्थ नाही.

तिसरा मार्ग, हीट पंप. हे यंत्र उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात घालतं. फ्रिजचंच काम, उलट्या बाजूनं. त्यामुळे एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची उष्णता मिळते. आपली पावसाळी हवा दमट असली तरी गार नसते, त्यामुळे जिथे सूर्यबंब थकतो तिथे हे चालतं. पण ते महाग. आम्हा दोघांना त्यातून महिन्याला दोनशे रुपये वाचतील. परवडणार नाही. ज्याचं दहा खोल्यांचं होम स्टे आहे, सुट्टीच्या दिवशी चाळीस अंघोळी होतात, त्याला दिवसाला नऊ युनिट वाचतात. त्यानं किंमत विचारून जरूर भागाकार करावा.

बिल, तारे आणि चमत्काराचा डबा

तीन गैरसमज झटपट सांगतो.

पहिला : "शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल महाग होतं." तसं नाही. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत : शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण याचाच अर्थ असा की तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी तुमचं सगळ्यात महाग युनिट असतं. सरासरी दरानं हिशेब केलात तर बचत खऱ्याहून कमी दिसेल. आणि स्थिर आकार मात्र बचतीनं कमी होत नाही, तो बाजूला ठेवा.

दुसरा : "पाच तारे आहेत म्हणजे वीज कमी." फ्रिजवरचे तारे त्याच आकाराच्या फ्रिजांशी तुलना करतात. दोघांच्या घरात मोठा पाच तारे फ्रिज हा लहान तीन तारे फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. शिवाय कसोटी वेळोवेळी कडक होते, जुन्या वर्षाचे पाच तारे आजचे पाच नव्हेत. म्हणून तारे मोजू नका, लेबलवर वर्षाला किती युनिट लिहिलीत ते वाचा.

तिसरा : प्लगमध्ये खुपसायचा "वीज बचतीचा डबा". बाजारात मिळतो, तीस-चाळीस टक्के बिल कमी करतो म्हणे. बहुधा आत एक साधा कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा. घरगुती बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांचं होतं, आणि तो डबा ती कमी करत नाही. पटत नसेल तर लाल दिवा मोजा, डबा लावून आणि काढून. प्रत्यक्ष हे प्रमाण.

यंत्र आणि मन

आता शेवटचं, जरा माझ्या विषयातलं. १८६५ साली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं कोळशावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की वाफेची यंत्रं जसजशी कमी कोळसा खाऊ लागली, तसतसा एकूण कोळसा जास्त जळू लागला, कारण यंत्र स्वस्तात चालतंय म्हटल्यावर लोकांनी ते जास्त ठिकाणी चालवलं. आपल्याकडे बघा. एलईडी स्वस्त झाला आणि रिकाम्या बंगल्यांची कुंपणं रात्रभर उजळू लागली. माझ्या गच्चीवरही तेच झालं. सूर्यबंब फुकट पाणी देतो म्हटल्यावर मी पाण्याचा विचारच सोडून दिला.

यंत्र आपल्याऐवजी वीज वाचवू शकतं, पण आपल्याऐवजी लक्ष ठेवू शकत नाही. काटकसर या शब्दाला उगाच कंजूषपणाचा वास लागलाय. माझ्या मते काटकसर म्हणजे लक्ष. ऊब कुठे आहे, ती किती वेळ आहे, आणि ती कुणाला हवी आहे, याकडे लक्ष. आजारी माणसाला, म्हाताऱ्याला, बाळंतिणीला ऊन पाणी लागतंच, तिथे हिशेब करू नये. हिशेब करायचा तो अशासाठी की तिथे हात आखडता घ्यावा लागू नये. गच्चीवरची रिकामी टाकी ऊन राहते आणि मागच्या खोलीतला मुलगा गार पाण्यानं अंघोळ करतो, असं घर बचतीचं घर नव्हे, मग छतावर काहीही बसवलेलं असो.

आज घरी गेल्यावर एकच करा. निजानीज झाली की मीटरपुढे एक मिनिट उभे राहा आणि मोजा.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : गॅस गिझर स्वस्त पडतो का?

उत्तर : अनेकदा पडतो. पण पैशाआधी जिवाचं बोलू. पावसाळ्यात आपण खिडक्या घट्ट लावतो. बंद न्हाणीघरात गॅस जळला की प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस बेशुद्ध होतो आणि कळतही नाही. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवूच नका. बाहेर, मोकळ्या हवेत बसवा, आणि पाणी नळानं आत आणा. ते जमत नसेल तर विजेचे दोन पैसे जास्त जाऊ द्या.

प्रश्न : आम्ही भाड्यानं राहतो. नवा फ्रिज किंवा सौर पट्ट्या आमच्या हातात नाहीत. आम्ही काय करावं?

उत्तर : जे उचलून नेता येतं त्यावर पैसे घाला. एलईडी दिवे, पंखा, हे घर सोडताना बरोबर नेता येतात. आणि घरमालकाला स्वतंत्र उपमीटर बसवायला सांगा. खर्च थोडा असतो. मी तो माफी मागितल्यानंतरच्या आठवड्यात बसवला. आता महिन्याच्या एक तारखेला आम्ही दोघं मिळून आकडा वाचतो. त्याची वीज आमच्या निम्मीसुद्धा नाही.

प्रश्न : सर, सत्तरीनंतर हे सगळं मोजायचा कंटाळा येत नाही का?

उत्तर : (हसत) चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो की अनुमानाआधी प्रत्यक्ष बघा. स्वतः बघायला जरा उशीर झाला, एवढंच.